महाडच्या कानाने ऐकलेले इंग्रजी

दोन किंवा अधिक शब्दांचा उच्चार एकच असतो, पण अर्थ वेगळा, उगम वेगळा आणि बहुतेक वेळा लेखनही वेगळे असते, तेव्हा त्यांना समोच्चारी शब्द म्हणतात. इंग्रजी व्याकरणात त्यांना ‘होमोफोन’ अशी संज्ञा आहे, आणि ती ‘समान’ व ‘ध्वनी’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलेली आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हे शब्द बहुधा एका यादीच्या रूपाने भेटतात. यादीत शब्दांच्या जोड्या लावलेल्या असतात, त्यांचे स्पेलिंग पाठ करायचे असते आणि परीक्षेत गाळलेल्या जागी योग्य तो शब्द भरायचा असतो. या यादीबद्दल एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही, ती म्हणजे ही यादी दक्षिण इंग्लंडच्या कानाने ऐकून केलेली आहे. महाडच्या बाजारपेठेत, पोलादपूरच्या शाळेत किंवा कशेडी घाटाच्या पायथ्याच्या गॅरेजात जे इंग्रजी कानावर पडते त्यातही समोच्चारी शब्द आहेत, परंतु ते सगळे त्या यादीतले नाहीत, आणि यादीतले सगळे इथे समोच्चारी राहत नाहीत. कोणते दोन शब्द एक वाटतात हे जितके त्या शब्दांवर, तितकेच ऐकणाऱ्याच्या मातृभाषेवर अवलंबून असते, आणि सावित्री नदीच्या काठचा हा मुलूख ते तपासून पाहण्यासाठी फार चांगला आहे.

मराठीत या विषयाची मांडणी करताना पहिली अडचण लिपीचीच येते. देवनागरी मुख्यत्वे उच्चार टिपणारी लिपी असल्यामुळे ‘राइट’ असे देवनागरीत लिहिले की त्यातला हक्क कोणता, धार्मिक विधी कोणता आणि लिहिण्याची क्रिया कोणती, हे डोळ्यांना कळत नाही. रोमन लिपीत वेगवेगळ्या तोंडवळ्यांचे असलेले हे तीन शब्द देवनागरीत येताच एकरूप होतात. म्हणूनच मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शब्द त्यांच्या अक्षरांसकट घोकण्याची पद्धत पडली. ‘आर-आय-जी-एच-टी, राइट, राइट म्हणजे बरोबर’, ‘डब्ल्यू-आर-आय-टी-ई, राइट, राइट म्हणजे लिहिणे’ असे एका ठेक्यात म्हणणाऱ्या वर्गाचा आवाज शाळेच्या भिंतीबाहेरही ऐकू येत असे. या घोकंपट्टीला पुढच्या शिक्षणतज्ज्ञांनी बरीच नावे ठेवली, आणि अर्थ न कळता पाठ केलेल्या शब्दांच्या बाबतीत ती टीका रास्तही आहे. तथापि समोच्चारी शब्दांपुरते पाहिले तर या ओळीची रचना विचार करण्यासारखी आहे. तिच्यात आधी लेखन येते, मग उच्चार येतो आणि शेवटी अर्थ येतो, आणि मधला उच्चार तोच राहून दोन्ही टोके बदलतात. समोच्चारी शब्द म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या नेमकेपणाने व्याकरणाच्या पुस्तकातही क्वचितच सांगितलेले असते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, त्याआधी ते पाचवीपासून असे. त्यामुळे जे मूल अजून मराठीतली पहिली आणि दुसरी वेलांटी ओळखायला शिकत असते, त्याच्यापुढे आता त्याच वयात इंग्रजीतली न उच्चारली जाणारी अक्षरेही येतात.

ही अक्षरे मुळात का आली, याचे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. ‘नाइट’ या उच्चाराचे दोन शब्द घेतले, तर त्यांतला ‘रात्र’ या अर्थाचा शब्द ‘एन’ने सुरू होतो आणि ‘सरदार’ या अर्थाचा शब्द ‘के’ने. हा ‘के’ आज मुका आहे, पण जुन्या इंग्रजीत तो स्पष्ट उच्चारला जात असे, आणि मधले ‘जी-एच’ हे आपल्या ‘ख’च्या जवळच्या एका घर्षक ध्वनीचे चिन्ह होते, म्हणजे सरदाराला ‘क्निख्त’च्या जवळपास आणि रात्रीला ‘निख्त’च्या जवळपास काहीतरी म्हटले जाई, आणि दोघांचा घोटाळा होण्याचे कारणच नव्हते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला, आणि छपाईमुळे शब्दांचे लेखन हळूहळू स्थिर होऊ लागले. जीभ मात्र छापखान्यासाठी थांबली नाही. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले सगळे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. भाषाशास्त्रज्ञ याला दीर्घ स्वरांचे महास्थित्यंतर म्हणतात. ‘भेटणे’ आणि ‘मांस’ या अर्थांचे जे दोन शब्द आज ‘मीट’ असे सारखे ऐकू येतात, त्यांचे स्वर त्याआधी वेगळे होते, आणि म्हणूनच एकात ‘ई-ई’ व दुसऱ्यात ‘ई-ए’ अशी वेगळी अक्षरे लिहिली जात. स्वर एकत्र आले, व्यंजने मुकी झाली आणि लेखन जुनेच राहिले. इंग्रजी समोच्चारी शब्दांतला फार मोठा भाग असा तयार झालेला आहे.

या घडामोडी चालू असतानाच इंग्रजी भाषा महाडच्या परिसरात ऐकू आली. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून निघून रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला येऊन थांबला, कारण महाराज त्या वेळी प्रतापगडच्या भवानीच्या दर्शनाला गेले होते. पुढे गडावर त्याची भेट झाली, आणि दोन्ही बाजूंचे बोलणे नारायण शेणवी या दुभाष्याच्या मार्फत चालले. पाचाडच्या मुक्कामात या मंडळींच्या तोंडी जे इंग्रजी होते ते आजच्या पाठ्यपुस्तकातले नव्हते. सतराव्या शतकात शब्दारंभीचा ‘के’ मुका होत चालला होता आणि ‘मीट’च्या दोन स्वरांमधले अंतर मिटत चालले होते, म्हणजे आज ज्या जोड्या विद्यार्थी पाठ करतात त्यांतल्या कित्येक त्या काळी नुकत्याच जुळत होत्या. लेखनही पुरते ठरलेले नव्हते. इंग्रजांच्या वखारींच्या कागदपत्रांत महाराजांचे नाव ‘एस-ई-व्ही-ए-जी-ई-ई’ अशा अक्षरांनी लिहिलेले आढळते आणि रायगड तिथे रायरी म्हणून येतो. कानाला जे ऐकू आले ते हाताला जमेल तसे उतरवण्याची ती रीत होती. इंग्रजी लेखनाला पुढे ज्याने मोठे अधिष्ठान दिले तो सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी सावित्रीच्या मुखाशी असलेला बाणकोटचा किल्ला इंग्रजांच्या हाती येऊन त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण खाडीच्या वाटेने आत आलेले इंग्रजी कसे होते हे त्यांवरून कळते: लेखन ठरून गेलेले आणि उच्चार त्यापासून बराच दूर गेलेला, अशी ती भाषा होती.

आता यादीकडे वळता येईल. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात स्वरानंतर येणारा ‘र’, पुढे पुन्हा स्वर नसेल तर, बोलला जात नाही. त्यामुळे तिथे ‘न्यायालय’ या अर्थाचा शब्द आणि ‘पकडले’ या अर्थाचा शब्द एकसारखे ऐकू येतात, ‘उगम’ या अर्थाचा शब्द आणि तोंडी लावण्याचा सॉस यांत फरक राहत नाही, आणि असे कितीतरी शब्द समोच्चारी ठरून यादीत जातात. महाडच्या कोर्टाच्या आवारात मात्र हा घोटाळा होऊच शकत नाही, कारण तिथे ‘कोर्ट’ म्हणताना ‘र’ ठसठशीत उच्चारला जातो. ज्याला पुष्कळ जण मराठी माणसाच्या इंग्रजीचा दोष मानतात, तो हा ‘र’ इथे अर्थाचा भेद राखतो. रॉबर्ट ब्रिजेस या इंग्लंडच्या राजकवीने १९१९ मध्ये इंग्रजी समोच्चारी शब्दांवर एक प्रबंधिका लिहिली होती आणि ती सोसायटी फॉर प्युअर इंग्लिश या संस्थेने प्रसिद्ध केली होती. समोच्चारी शब्द हा भाषेला झालेला उपद्रव आहे, इंग्रजीत तो इतरांपेक्षा अधिक आहे आणि ‘र’ गाळणाऱ्या दक्षिणेकडच्या उच्चारामुळे तो आणखी वाढतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिजेस यांना जो ‘र’ जपायला हवा होता तो कोकणातल्या वर्गांत सुखरूप होता. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटला १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी आपले काम सुरू केले होते, आणि स्कॉटिश इंग्रजीत ‘र’ स्पष्ट असतो, हे खरे आहे; पण महाडच्या ‘कोर्ट’चे श्रेय त्यांना देण्यापेक्षा देवनागरीच्या रफाराला द्यावे हे अधिक बरे. जो ‘र’ डोक्यावर लिहून दाखवता येतो तो मराठी माणूस गिळत नाही.

याहून नाजूक प्रकार ‘व्ह’चा आहे. इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन अक्षरे दोन वेगळ्या ध्वनींची आहेत, तर मराठीत ‘व’ एकच. बऱ्याच भारतीय भाषांनी दोघांची सोय एकाच ‘व’मध्ये केली, मराठीने मात्र ‘व्ही’साठी ‘व’ला ‘ह’ जोडून एक वेगळे रूप काढले. हिंदीत ‘वोट’ मागितले जाते, मराठीत ‘व्होट’. मराठी वर्तमानपत्रात ‘व्हॅन’ धावते आणि ‘वॉच’ हातावर असते. लेखनातला हा भेद बोलण्यातही बऱ्याच अंशी पाळला जातो, त्यामुळे ‘व्हाइन’ म्हणजे वेल आणि ‘वाइन’ म्हणजे दारू हे इथे वेगळे राहतात. पण मराठी लेखनाने हाच ‘व्ह’ आणखी एका कामाला लावला. ज्या इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीला ‘डब्ल्यू-एच’ येते तेही ‘व्ह’ने लिहिले जाऊ लागले: व्हाइट, व्हील, व्हेल. परिणाम असा झाला की इंग्लंडमध्ये आज बहुतेकांच्या तोंडी ‘हवामान’ या अर्थाचा शब्द आणि ‘की नाही’ या अर्थाचा शब्द सारखेच असले, तरी महाडच्या मुलाच्या तोंडी ते ‘वेदर’ आणि ‘व्हेदर’ असे निरनिराळे राहतात. चेटकीण ‘विच’ असते आणि ‘कोणता’ हे ‘व्हिच’ असते. पाठ्यपुस्तक ज्यांना समोच्चारी म्हणून पाठ करायला लावते ते शब्द या मुलाला मुळी समोच्चारी वाटतच नाहीत, आणि तरीही तो ते निमूटपणे यादीत लिहितो. उलट देवमासा म्हणजे ‘व्हेल’ आणि नववधूच्या चेहऱ्यावरचा झिरझिरीत पडदा म्हणजेही ‘व्हेल’, ही जोडी इंग्लंडमध्ये कोणाच्या स्वप्नातही नसेल, पण इथे ती खरी आहे, आणि ती कोणत्याही यादीत नाही.

असेच स्वरांचे आहे. मराठीने इंग्रजीसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही दोन चिन्हे आपल्या लिपीत सामावून घेतली, म्हणून ‘पेन’ आणि ‘पॅन’ यांत मराठी माणसाची चूक होत नाही. ‘ए’च्या बाबतीत मात्र असे काही झाले नाही. मराठीत ‘ए’ला ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन भेद नाहीत, आणि इंग्रजीत लेखणीचा ‘पेन’ तोकड्या स्वराचा तर वेदनेचा ‘पेन’ लांबत जाऊन ‘इ’कडे वळणाऱ्या स्वराचा आहे, हा फरक मराठी कानाला सहजासहजी लागत नाही आणि देवनागरीत तर तो दाखवताच येत नाही. परीक्षा म्हणजे टेस्ट, चव म्हणजेही टेस्ट. उशीर म्हणजे लेट, होऊ देणे म्हणजेही लेट. फाटक म्हणजे गेट, मिळवणे म्हणजेही गेट. इंग्रजीत यांतली एकही जोडी समोच्चारी नाही, पण पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून मुंबईला नोकरीसाठी गेलेला तरुण मुलाखतीत जेव्हा अडखळतो तेव्हा बहुधा याच शब्दांपाशी अडखळतो. ‘के’ मुका असलेला सरदार त्याच्या बोलण्यात जन्मभरात एकदाही येत नाही.

बाजारातले व्यवहार मात्र या सगळ्या भेदांची फारशी पर्वा करत नाहीत. इंग्रजीत फूल आणि पीठ यांना एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत, आणि त्या दोघांनाही मराठीत ‘फ्लॉवर’ असेच लिहिता येते. पण महाडच्या भाजी मंडईत ‘फ्लॉवर काय भाव दिला’ असे विचारले की कोणी फूल दाखवत नाही की पीठ तोलत नाही, कारण मराठीत फ्लॉवर ही भाजी आहे. दुकानावर ‘सेल’ लागतो, विजेरीत ‘सेल’ घालतात, आणि इंग्रजीत या दोन शब्दांचे स्वर वेगळे असूनही मराठीने त्यांना एकाच उच्चारात बसवले आहे. रस्ते नव्हते तेव्हा सावित्रीच्या खाडीतून दासगावपर्यंत जलवाहतूक चाले, त्यामुळे इंग्रजीतली ‘बोट’ या भागात लवकर रुळली असणार, आणि हाताचे बोट तर आधीपासून होतेच. दोघांचे लिंगही निराळे आहे, बोट धरले म्हणजे हाताचे आणि बोट धरली म्हणजे मुंबईला जाणारी, इतका साधा भेद व्याकरणाने करून ठेवला. बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतीत ‘डाय’ हा शब्द ‘डी-वाय-ई’ असा लिहिला तर रंगद्रव्य होतो आणि ‘डी-आय-ई’ असा लिहिला तर धातूला आकार देण्याचा साचा होतो. याच दुसऱ्या अक्षरांनी ‘मरणे’ हे क्रियापदही लिहितात. ज्यांचा उच्चार आणि लेखन दोन्ही एकच आणि अर्थ तेवढा वेगळा, अशा शब्दांना इंग्रजीत ‘होमोनिम’ म्हणतात, आणि मराठीत त्यांना समरूप शब्द म्हणता येईल.

घाटरस्त्यांच्या या प्रदेशात ‘ब्रेक’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहणे योग्य होईल. पोलादपूरहून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो आणि मुंबई-गोवा महामार्ग कशेडीकडे जातो; दोन्ही वाटांवर वाहनाचा ब्रेक ही जिवाची बाब आहे. वाहनाच्या ब्रेकचे स्पेलिंग ‘बी-आर-ए-के-ई’ असे आहे, आणि मोडणे किंवा खंड पडणे या अर्थाच्या शब्दाचे ‘बी-आर-ई-ए-के’. रस्त्याकडेच्या पाट्यांवर पहिल्याच्या जागी दुसरे लिहिलेले पुष्कळदा दिसते आणि शिकलेली माणसे त्याला अडाणीपणा समजतात. परंतु मराठीत ‘ब्रेक लावणे’ आणि ‘ब्रेक घेणे’ या दोन्ही प्रयोगांत थांबण्याचाच अर्थ आहे. मराठी बोलणाऱ्याच्या मनात हे दोन इंग्रजी शब्द एका उच्चारामुळे जवळ आले आणि अर्थानेही एक होऊन गेले. पाटी रंगवणाऱ्याने त्या एका शब्दासाठी दोनपैकी एक स्पेलिंग निवडले, एवढेच. समोच्चारी शब्द उसने घेणारी भाषा कधी कधी त्यांचा असा एकोपा घडवून आणते, आणि त्यात तिचे काही बिघडत नाही.

इंग्रजी लेखनाला तर्कदुष्ट म्हणण्याआधी मराठी लेखनाकडेही पाहिले पाहिजे. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. बोलताना मराठी माणूस या जोड्यांमधला पहिला शब्दही दीर्घच उच्चारतो, म्हणजे कानाला ते समोच्चारीच आहेत. मराठीच्या स्वतःच्या नियमाने अकारान्त शब्दातली शेवटून दुसरी वेलांटी दीर्घ हवी, ‘गरीब’ आणि ‘वकील’ यांच्यासारखी. ‘दिन’ ऱ्हस्व राहतो तो केवळ संस्कृतातून जसाच्या तसा आला म्हणून. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये ठरवलेले आणि १९७२ मध्ये भर घातलेले लेखननियम पाहिले, तर त्यांत ही ओढाताण जागोजागी दिसते. ‘पाणि’ म्हणजे हात हा शब्द स्वतंत्र लिहिताना या नियमांनी दीर्घ होऊन ‘पाणी’शी मिळून जातो आणि ‘पाणिग्रहण’ या समासात पुन्हा ऱ्हस्व होतो. गावांच्या नावातले ‘पूर’ दीर्घ लिहावे असेही नियम सांगतो. मूळ संस्कृत ‘पुर’ ऱ्हस्व आहे, आणि नदीला येणारा पूर दीर्घ आहे, त्यामुळे पोलादपूरच्या नावाचा उत्तरार्ध आणि सावित्रीचा पूर हे आता उच्चाराने आणि लेखनानेही एकच झाले आहेत. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले तेव्हा बातमीत हे दोन्ही ‘पूर’ शेजारी शेजारी आले असतील, पण कोणत्याही वाचकाला त्यांत गाव कोणते आणि पाणी कोणते हे विचारावे लागले नसेल. वाक्य ते काम करते. इंग्रजीचा मुका ‘के’ आणि मराठीचा न उच्चारला जाणारा ऱ्हस्व हे एकाच जातीचे आहेत: जिभेने सोडलेला भेद लेखणीने धरून ठेवला आहे.

मराठीत याच्या उलटा प्रकारही आहे. लेखन एक आणि उच्चार दोन, अशा शब्दांना समलेखी म्हणता येईल. दुनियेचा ‘जग’ दंततालव्य ‘ज’चा आहे आणि पाण्याचा ‘जग’, जो इंग्रजीतून आला, तो तालव्य ‘ज’चा; ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य यांतही तोच फरक. देवनागरी हा भेद दाखवत नाही आणि मराठी वाचक तो बिनचूक करतो, म्हणजे उच्चारानुसारी लिपीचा अभिमानही थोडा बेतानेच बाळगावा लागतो.

समोच्चारी शब्दांना ब्रिजेस यांनी उपद्रव म्हटले, तर भारतीय साहित्यशास्त्राने त्यांना अलंकाराचा मान दिला. तेच वर्ण पुन्हा येऊन वेगळा अर्थ देतात तेव्हा यमक होते, आणि एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात तेव्हा श्लेष होतो. शब्द फोडून दुसरा अर्थ काढावा लागला तर सभंग श्लेष आणि न फोडता निघाला तर अभंग श्लेष, इतका बारीक विचार या शास्त्राने केला आहे. मोरोपंतांची यमके मराठीत प्रसिद्धच आहेत. पोलादपूरला ज्यांची समाधी आहे ते ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद याच संस्कृत काव्यपरंपरेतले होते. ऑक्झिंडेन ज्या काळात पाचाडला आला त्याच काळात या डोंगरांत अशी विद्या नांदत होती, जिच्यात एका ध्वनीला दोन अर्थ असणे हे भाषेचे वैभव समजले जाई. ब्रिजेस यांचा आक्षेप व्यवहाराच्या भाषेपुरता होता हे मान्य करूनही त्यांचे मत टोकाचे वाटते, कारण त्यांनी शब्द सुटे सुटे तपासले, आणि सुटा शब्द सहसा कोणी बोलत नाही.

इंग्रजी शब्द देवनागरीत आले की त्यांचे भेद पुसले जातात, आणि मराठी नावे रोमन लिपीत गेली की तीच गत होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये महाडजवळच्या नाते या गावी झाला. १९१२ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणारे देशमुख पुढे केंब्रिजला गेले. त्यांच्या गावाचे नाव रोमन लिपीत ‘एन-ए-टी-ई’ असे लिहितात, आणि इंग्रजी वाचणारा परका माणूस ते ‘नेट’ असे वाचेल. महाडच्या चवदार तळ्याचे तर याहून विलक्षण झाले आहे. ‘तळे’ रोमन लिपीत ‘टी-ए-एल-ई’ असे लिहिले जाते, कारण त्या लिपीत ‘ळ’ नाही आणि ‘त’ व ‘ट’ यांना एकच अक्षर आहे. इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांना तो ‘टेल’, म्हणजे कथा, असा शब्द दिसतो, आणि त्या ‘टेल’ला शेपूट या अर्थाचा एक समोच्चारी भाऊ आहे. ज्या जागेला देशाच्या इतिहासात इतके मोठे स्थान आहे तिचे नाव परक्या वाचकाने चुकीचे वाचू नये म्हणून रोमन लेखनात ‘ळ’साठी काही खूण हवी, असे आवर्जून म्हणावेसे वाटते.

त्या तळ्याच्या इतिहासात ‘राइट’ या उच्चाराचे वर आलेले तिन्ही शब्द एकत्र आलेले दिसतात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात संमत झाला, आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. हा हक्क कागदावरच राहिला होता. तो २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी तळ्याचे पाणी पिऊन बजावला. हा पहिला ‘राइट’, ‘आर-आय-जी-एच-टी’, आणि तो जुन्या इंग्रजीतल्या ‘सरळ, योग्य’ अशा अर्थाच्या शब्दातून आलेला आहे. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून पाण्याची ‘शुद्धी’ केली. हा दुसरा ‘राइट’, ‘आर-आय-टी-ई’, लॅटिनमधून आलेला, विधी या अर्थाचा. आणि ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू करून या सगळ्याचा परामर्श लेखणीने घ्यायला सुरुवात केली. हा तिसरा, ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा, जर्मानिक मुळाचा आणि मूळचा ‘कोरणे, ओरखडणे’ अशा अर्थाचा. तीन शब्दांचे मूळ एक नाही, त्यांचा उच्चार एक होणे हा ध्वनिपरिवर्तनाचा योगायोग आहे. पण महाडला १९२७ मध्ये जो संघर्ष झाला त्यात विधी हक्काच्या आड उभा राहिला आणि लेखणी हक्काच्या बाजूने उभी राहिली, म्हणून या उच्चाराचे शब्द शिकवायला महाडच्या शिक्षकाला दुसरीकडे उदाहरण शोधायला जावे लागत नाही. तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकालात निघाला, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्रथा अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाने ठरवले. हक्क आणि विधी या दोन्हींना एकच उच्चार असलेल्या भाषेत त्या दाव्याचे कामकाज चालले, आणि कोणता ‘राइट’ कोणाचा याबद्दल तिथे संशय राहिला नाही.

शिकवण्याच्या दृष्टीने यावरून दोन वेगळी कामे निघतात. जे शब्द खरोखर समोच्चारी आहेत त्यांचे श्रुतलेखन देताना शिक्षकाने सुटा शब्द उच्चारू नये, पूर्ण वाक्य सांगावे, कारण सुट्या ‘राइट’चे स्पेलिंग इंग्लंडच्या राजकवीलाही सांगता आले नसते, आणि जमेल तिथे मुक्या अक्षराची हकीकत सांगावी, म्हणजे ‘के’ आणि ‘जी-एच’ मुलाला उगीच लावलेली शिक्षा वाटणार नाहीत. जे शब्द फक्त आपल्या कानाला समोच्चारी वाटतात त्यांना वाक्य पुरत नाही, तिथे तोंडाची ठेवण बदलावी लागते. वेदनेचा ‘पेन’ म्हणताना ‘ए’ लांबवून शेवटी हलकेच ‘इ’कडे न्यावा लागतो आणि लेखणीचा ‘पेन’ झटकन संपवावा लागतो. नववधूच्या पडद्याचा ‘व्हेल’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे लागतात, देवमाशाच्या ‘व्हेल’ला दातांचे काही काम नसते, ओठ गोल केले की पुरे, आणि हे वर्गात दोन मुलांना समोरासमोर उभे करून एकमेकांच्या ओठांकडे बघायला सांगितले, तर एका तासात जमते.